फेरफारांचा क्रम

संगणकावरील गेम बाजारात आल्यानंतर त्याच्या मूळ निर्मात्यांखेरीज इतर कोणी त्यात जे फेरफार करतो, त्यांना मॉड म्हणतात. हा फेरफार बॅटवरील स्टिकर बदलण्याइतका किरकोळ असू शकतो, किंवा नवा प्रदेश, नवी पात्रे आणि नवे नियम आणण्याइतका मोठाही असू शकतो. नागपुरात हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी ‘पॅच’ हा शब्द रुळला होता आणि मॉड बसवण्याला ‘पॅच मारणे’ असे म्हटले जाई. सीताबर्डीवरील संगणकाच्या दुकानांत २००७ नंतरच्या काळात ज्यांनी गेम बसवून देण्याचे काम केले त्यांपैकी प्रस्तुत लेखक एक असून, पुढील विवेचन त्या कामातून आणि नंतर घरच्या संगणकावर वर्षानुवर्षे चाललेल्या त्याच खटाटोपातून आलेले आहे. एक मॉड बसवणे कोणालाही जमते; अनेक मॉड एकाच गेममध्ये असे बसवणे की त्यांनी एकमेकांचे काम पुसून टाकू नये, हा निराळा उद्योग आहे, आणि त्यात खर्ची पडणारा वेळ प्रत्यक्ष खेळण्याच्या वेळेपेक्षा पुष्कळदा अधिक असतो.

पॅच मारण्याची विद्या या शहराला, आणि बहुधा साऱ्या देशाला, ज्या गेमने शिकवली तो म्हणजे ‘क्रिकेट ०७’. कॅनडातील एचबी स्टुडिओजने तयार केलेला आणि ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला हा गेम त्या वर्षीच्या ॲशेस मालिकेच्या निमित्ताने आला होता, त्यामुळे इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांच्या खेळाडूंची खरी नावे त्यात होती आणि भारतीय संघ मात्र परवान्याअभावी मोडतोड केलेल्या नावांनी मैदानात उतरत असे. ईएने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा गेम काढला नाही. उलट खरे क्रिकेट त्याच सुमारास झपाट्याने बदलले. २००७ मध्ये पहिला विश्वचषक ट्वेंटी-२० झाला, एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाले, आणि खुद्द नागपुरात सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान मागे पडून नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याच्या नव्या मैदानावर सौरव गांगुलीने आपली शेवटची कसोटी खेळली. संगणकावरचे क्रिकेट २००६ मध्येच थांबून राहिले होते, आणि या दोहोंमधली दरी भरून काढण्याचे काम पॅच करणाऱ्या हौशी मंडळींनी अंगावर घेतले. दुकानात येणाऱ्या डिस्क बहुधा नकली असत, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या नकली डिस्कवर बसवलेले पॅच मात्र कोणीतरी रात्री जागून, पैशाची अपेक्षा न ठेवता केलेले अस्सल काम असे.

त्या गेमची रचना साधी होती आणि तिच्यातील अडचणी त्या साधेपणातूनच निघत. गणवेश, बॅट, पॅड आणि चेहरे यांची चित्रे एफएसएच नावाच्या प्रकारच्या फाइलींत ठेवलेली असत, आणि नवे चित्र आणायचे म्हणजे ठरावीक सांकेतिक नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकायची. खेळाडूंची नावे व त्यांचे गुण मात्र रोस्टर या निराळ्या फाइलीत असत आणि ती फाइल वापरणाऱ्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जाऊन बसे. नवा संघ जोडण्याची सोय नसल्याने आयपीएलचा संघ मूळ गेममधील एखाद्या संघाच्या जागी बसवावा लागे. कोणाच्या जागी कोण, हे प्रत्येक पॅच करणारा आपापल्या मर्जीने ठरवी, आणि खरी गोम येथेच होती. एका पॅचचे गणवेश आणि दुसऱ्या पॅचचा रोस्टर एकत्र आले की गेम बंद पडत नसे, कोणताही इशारा देत नसे, मुकाट्याने चालू होई. फक्त चेन्नईचे खेळाडू कोलकात्याच्या जर्सीत फलंदाजीला येत. प्रस्तुत लेखकाने एकदा हा दोष गणवेशांच्या फाइलींत शोधण्यात तीन दिवस घालवले, कारण डोळ्यांना जे चुकलेले दिसत होते ते गणवेश होते.

या काळात क्रम लावण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे विंडोजची ती चौकट, जी जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवू का, असे विचारते. ‘होय’ म्हणताच जुनी फाइल कायमची जाई. आधी बॅटचा सुंदर पॅच मारला आणि मग हंगामाचा मोठा पॅच मारला, तर मोठ्या पॅचमधल्या सुमार बॅट त्या सुंदर बॅटींना गिळून टाकत. उलट क्रमाने केले तर दोन्ही मिळत. म्हणजे मोठे व सर्वसाधारण ते आधी आणि लहान व नेमके ते नंतर, हा नियम दुकानातील पोरांनी कोणत्याही पुस्तकाशिवाय शोधून काढला होता. त्यात भारनियमनाचे दिवस. फाइली उतरत असताना वीज गेली की अर्धा पॅच आत आणि अर्धा बाहेर अशी अवस्था होई, आणि मग गेम पहिल्यापासून बसवणे हाच उपाय उरे. शेजारच्या सायबर कॅफेत त्याच वेळी जो ‘काउंटर-स्ट्राइक’ अहोरात्र चाले, तो मुळात ‘हाफ-लाइफ’ या गेमचा १९९९ मध्ये निघालेला मॉडच होता, हे मात्र तो खेळणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला माहीत होते.

मॉडांच्या क्रमाला शास्त्राचे स्वरूप ज्या गेममुळे आले तो बेथेस्डा या अमेरिकी कंपनीचा ‘स्कायरिम’. हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि पुढल्याच फेब्रुवारीत निर्मात्यांनी आपले संपादनाचे साधन, म्हणजे ‘क्रिएशन किट’, खेळणाऱ्यांसाठी मोफत खुले केले. या गेममधील प्रत्येक गोष्ट, मग ती तलवार असो, दुकानदार असो वा डोंगरावरील दगड, ही एक नोंद असते. नोंदींत बदल सांगणाऱ्या मॉडच्या फाइलीला प्लगइन म्हणतात. आणि गेम सुरू होताना प्लगइन ज्या ओळीने वाचले जातात त्या ओळीला लोड ऑर्डर म्हणतात. प्रत्येक नोंदीला सोळा पायाच्या अंकपद्धतीतील आठ अंकी क्रमांक असतो आणि त्यातील पहिले दोन अंक प्लगइनचे रांगेतील स्थान दाखवतात. दोन अंकांत २५६ स्थाने मावतात, त्यांतील एक खेळताना निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव असल्याने मूळ गेमच्या फाइली धरून २५५ प्लगइन ही मर्यादा पडली. पुढे हलके प्लगइन नावाचा प्रकार आला आणि एकाच स्थानावर असे ४०९६ पर्यंत प्लगइन दाटीवाटीने बसू लागले. जागेची अडचण सुटली, पण भांडणाची नाही, कारण भांडण जागेवरून नसून नोंदीवरून होते. एकाच नोंदीला दोन प्लगइनांनी हात लावला तर रांगेत नंतर येणाऱ्याचे म्हणणे राहते आणि आधीच्याचे जाते, हा तेथील मूळ दंडक आहे.

मराठी वाचकाला हा दंडक अपरिचित वाटू नये. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त सुमारे चार हजार सूत्रे आठ अध्यायांत विशिष्ट क्रमाने लावलेली आहेत, आणि तुल्यबळ असे दोन नियम एकाच ठिकाणी लागू पडू लागले तर त्यांतील ‘पर’ नियम ग्राह्य धरावा, असे त्याने पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे; परंपरेने ‘पर’ याचा अर्थ क्रमाने नंतरचा असा घेतला. वैयाकरणांनी पुढे असेही ठरवले की सामान्य नियमापेक्षा अपवाद बलवान, मग तो कोठेही सांगितलेला असो. नागपूरजवळ रामटेकला १९९७ पासून संस्कृत विश्वविद्यालय आहे आणि तेथे हा विषय अर्थातच शिकवला जातो. सीताबर्डीच्या दुकानातील पोरगा बॅटचा पॅच शेवटी मारत होता तेव्हा तोही, न कळत, उत्सर्गानंतर, म्हणजे सामान्य नियमानंतर, अपवाद लावत होता. हे साम्य ताणू नये हे खरे, पण त्यातील एक गोष्ट फार उपयोगी आहे. केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ऋषी राजपोपट यांनी ‘पर’ म्हणजे नंतरचा नियम नव्हे, तर शब्दाच्या उजवीकडील भागाला लागू होणारा नियम, असा अर्थ मांडला आणि २०२२ च्या अखेरीस त्याची सर्वत्र चर्चा झाली. तो अर्थ मान्य करावा की नाही हा विद्वानांचा प्रश्न आहे. पण ‘नंतरचा’ म्हणजे कोणत्या बाजूचा, हे आधी ठरवल्याशिवाय क्रमाचा कोणताही नियम वापरता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

गेमच्या बाबतीत ही अडचण रोजची आहे. स्कायरिमच्या यादीत खाली असलेला प्लगइन जिंकतो. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या २०१२ मध्ये प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअरने काढलेल्या गेममध्ये मात्र यादीत वर असलेला मॉड जिंकतो, आणि ‘माइनक्राफ्ट’मधील चित्रांचे संच निवडतानाही वरचाच संच वरचढ ठरतो. एका गेमची सवय दुसऱ्या गेममध्ये नेणाऱ्याची संपूर्ण यादी म्हणून उलटी लागते, आणि गंमत अशी की बहुतेक मॉड तरीही चालतात, कारण बहुतेकांचे एकमेकांशी भांडण नसतेच. जे चार-पाच भांडत असतात तेवढेच चुकीचे निकाल देतात. माइनक्राफ्टच्या जुन्या आवृत्त्यांत तर प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्याला नुसता एक अंक असे, दोन मॉडांनी तोच अंक घेतला की गेम उघडतच नसे, आणि वापरणाऱ्याला साध्या मजकुराच्या फाइली उघडून हाताने नवे अंक वाटावे लागत. १.७ या आवृत्तीपासून अंकांऐवजी नावांवर भर आला आणि ती कटकट मिटली.

न उघडणारा गेम हा अशा प्रकारे सर्वांत प्रामाणिक दोष होय, कारण तो निदान दोष आहे हे सांगतो. स्कायरिममधील खरी हानी मूक असते, आणि ती समजण्यासाठी सातबाऱ्याचे उदाहरण घेता येईल. तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मंजूर झाला की उताऱ्यावर त्या फेरफारापुरता बदल होतो, बाकीच्या नोंदी होत्या तशाच राहतात. प्लगइनचा फेरफार तसा नसतो. तो त्या वस्तूचा उतारा पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत नव्याने लिहितो. समजा, एका मॉडने तलवारीचे वजन कमी केले आणि दुसऱ्याने तिचा वार वाढवला. दुसरा मॉड करणाऱ्याला वजनाशी काही देणेघेणे नव्हते, पण त्याच्या उताऱ्यात वजनाच्या रकान्यात मूळ आकडा तसाच उतरलेला आहे, आणि तो रांगेत नंतर असल्याने पहिल्याने कमी केलेले वजन पुन्हा पूर्ववत होते. क्रम उलटवला तर वजन मिळते आणि वार जातो. येथे कोणताही क्रम बरोबर नाही, आणि क्रम लावता लावता रात्र घालवणाऱ्याला ही गोष्ट सर्वांत उशिरा समजते. उपाय एकच, तिसरा छोटा प्लगइन करून त्यात वजन पहिल्याकडून आणि वार दुसऱ्याकडून उचलून ठेवायचा आणि तो दोघांच्या नंतर लावायचा. या तिसऱ्यालाही पॅचच म्हणतात. ज्या शब्दाने नागपूरकरांनी सुरुवात केली तोच शब्द येथे आपल्या खऱ्या अर्थाने, म्हणजे दोन कापडांना जोडणारे ठिगळ म्हणून, परत येतो.

या ठिगळाची गरज कोठे आहे हे दाखवणारे साधन एक्स-एडिट नावाचे आहे. ते एकाच नोंदीवरील सर्व प्लगइनांचे म्हणणे शेजारी शेजारी रकान्यांत मांडते आणि परस्परविरोध रंगांनी दाखवते. त्याउलट ‘लूट’ नावाचे साधन अनुभवी लोकांनी जमवलेल्या नियमांच्या आधारे यादी आपोआप लावून देते. नवख्यांचा सारा भर लूटवर असतो, आणि एका मर्यादेपर्यंत तो योग्यही आहे, कारण ज्याच्यावर दुसरा अवलंबून आहे तो आधी यावा, इतके भान ते साधन निश्चित ठेवते. पण कोणाचे वजन आणि कोणाचा वार हवा, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. खेळणाऱ्याला काय हवे आहे हे खेळणाऱ्यानेच सांगावे लागते. एक्स-एडिट उघडून रकाने वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याने पन्नासाहून अधिक मॉडांच्या फंदात पडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

याखेरीज दुसरा एक क्रम असतो आणि तो पहिल्याशी गफलत करण्याजोगा असतो. प्लगइनांचा क्रम नोंदींपुरता. चित्रे, आकृती आणि आवाज यांच्या फाइलींवर त्याचा थेट ताबा नसतो. तेथे अजूनही क्रिकेट ०७ चाच कायदा, एका नावाची फाइल एकच राहणार. फरक इतकाच की मॉड ऑर्गनायझर २ सारखे व्यवस्थापक प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरमध्ये अलग ठेवतात आणि गेम सुरू होताना त्याला सर्व फोल्डर एकावर एक ठेवल्याचा आभास निर्माण करून देतात. मूळ गेमच्या फोल्डरला हात लागत नाही, आणि एखादा मॉड बंद केला की त्याच्याखाली झाकलेली फाइल जशीच्या तशी वर येते. ज्यांनी ‘होय’ म्हणून फाइली गमावल्या आहेत त्यांनाच या सोयीचे मोल कळते.

नागपूरपुरता एक मुद्दा येथे नोंदवणे अवश्य आहे, कारण तो अन्यत्र फारसा कोणी लिहिणार नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, खोलीत कूलर चालू असला तरी त्याची हवा दमट असते आणि तिच्याबरोबर आलेली धूळ संगणकाच्या पंख्यावर चिकटून राहते. अशा वेळी जड मॉड लावलेला गेम काही मिनिटांनी बंद पडतो आणि खेळणारा मॉडांचा क्रम उलटसुलट करत बसतो. वास्तविक तप्त झालेला संगणक स्वतःच्या रक्षणासाठी काम मंदावतो किंवा बंद होतो. दोहोंतील भेद ओळखण्याची रीत अनुभवाने अशी ठरली आहे की उष्णतेने बंद पडणारा गेम कोठेही बंद पडतो, पण साधारण तितक्याच वेळाने. मॉडांच्या भांडणाने बंद पडणारा गेम कितीही वेळाने, पण पुष्कळदा त्याच पुलापाशी किंवा त्याच दारापाशी बंद पडतो. पहिल्यावर उपाय म्हणजे खोके उघडून ब्रशने धूळ काढणे. उन्हाळ्यात दुरुस्तीला आलेल्या ‘मॉडमुळे बिघडलेल्या’ संगणकांपैकी कित्येकांना एवढ्यानेच गुण येत असे.

सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची अर्धवट राहिलेली अवस्था जपणारी फाइल, हा या कामातील सर्वांत नाजूक भाग होय. मॉडमधील लहान लहान आज्ञावल्या, ज्यांना स्क्रिप्ट म्हणतात, त्या चालू असताना त्यांची स्थिती सेव्हमध्ये उतरते, त्यामुळे मॉड काढून टाकला तरी त्याचे अवशेष तेथे राहतात आणि वीस-पंचवीस तासांच्या खेळानंतर भलत्याच ठिकाणी उपद्रव देतात. खेळाच्या मध्यात मॉड काढू नये. काढायचाच असेल तर तो बसवण्यापूर्वीच्या सेव्हकडे परत जावे आणि मधले तास गेले असे समजावे. गेमच्या नव्या आवृत्तीचेही तसेच आहे. स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाचे साधन, ज्यावर शेकडो मॉड उभे आहेत, ते गेमच्या मुख्य फाइलीच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेले असते. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी स्कायरिमची दशकपूर्ती आवृत्ती आली, मुख्य फाइल बदलली, आणि एका दिवसात असंख्य सुरळीत याद्या निकामी झाल्या. अनेकांनी मुद्दाम जुन्या १.५.९७ या आवृत्तीवर परत जाणे पसंत केले. गेम आपोआप अद्ययावत होण्याची सोय बंद ठेवणे हे म्हणून पहिल्याच दिवशी करावयाचे काम आहे.

या सर्व कामात साधनांपेक्षा जिचा अधिक उपयोग झाला ती एक साधी दोनशे पानी वही होय. तलाठ्याकडे सातबाऱ्याखेरीज गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, असते आणि उताऱ्यावर आज जे दिसते ते कोणत्या तारखेला, कशामुळे आले हे तिच्यावरून कळते. त्याच धर्तीवर या वहीत मॉडचे नाव, आवृत्ती, बसवल्याची तारीख, तो कोणाच्या आधी वा नंतर ठेवला आणि का, एवढे रकाने आहेत. ‘का’ हा रकाना भरण्याचा आळस सर्वांत जास्त होतो आणि सहा महिन्यांनी तोच हवा असतो. वहीत स्कायरिमची पाने सर्वाधिक आहेत, त्यामागोमाग ट्रकच्या गेमची. पहिले पान मात्र क्रिकेट ०७ चे असून त्यावर चेन्नईच्या नावापुढे लाल शाईने एकच शब्द लिहिलेला आहे : रोस्टर.